तिघी मैत्रिणी मिळून कर्वेनगरला एक फ्लॅट घ्यायचा विचार चाललाय, कागद कसे करायचे?

निशिगंध

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसती वाचते, आज पहिल्यांदाच काही विचारतेय. जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

आम्ही तिघी मैत्रिणी, ओळख कर्वेनगरच्या होस्टेलवरची, म्हणजे तीस वर्षं होऊन गेली. तिघीही पन्नाशी ओलांडलेल्या. मी ज्युनियर कॉलेजला शिकवते, नवरा जाऊन आठ वर्षं झाली, मूलबाळ नाही. दुसरी बँकेत होती, लग्न केलं नाही, आईवडिलांचं शेवटपर्यंत तिनेच केलं आणि आता व्हीआरएस घेतलीये. तिसरी नर्स आहे, घटस्फोट झालाय, मुलगा बंगलोरला नोकरीला. मी वारज्याला राहते, बँकवाली धायरीला आणि नर्स येरवड्याच्या बाजूला भाड्याने.

गेल्या पावसाळ्यात बँकवाली रात्री बाथरूममधे पडली, खुब्याला मार लागला, मोबाईल बाहेर चार्जिंगला लावलेला. सकाळी साडेसातला कामवाल्या मावशी आल्या, बेल वाजवून वाजवून दार उघडेना म्हणून त्यांनी शेजाऱ्यांना बोलावलं तेव्हा कुठे कळलं. पाच तास ती ओल्या फरशीवर पडून होती. तेव्हापासून आमचं ठरलंय की आता एका छपराखाली राहायचं, गंमत म्हणून गेली दहा वर्षं बोलत होतो ते आता खरंच करायचं.

कर्वेनगरलाच एक रिसेलचा थ्री बीएचके बघितलाय, लिफ्ट आहे, तिन्ही खोल्यांना स्वतंत्र बाथरूम आहे, खाली किराणा आणि दोन मिनिटांवर दवाखाना. मालक दोघे भाऊ आहेत, १ कोटी ३२ लाख सांगतायत. बँकवाली ५५ लाख घालू शकते, मी वारज्याचा फ्लॅट विकून ५०, आणि नर्स २७, पण त्या २७ मधले १२ तिला कर्ज काढूनच उभे करावे लागतील.

आता प्रश्न असे की, तिघींच्या नावावर घर घेता येतं का, नात्यात नसताना? बँक कर्ज देईल का? हिस्से सारखे लिहायचे का पैशाप्रमाणे? नर्स मैत्रीण म्हणते मला कमी हिस्सा चालेल, पण मला ते बरं वाटत नाही, हॉस्पिटलमधे बँकवालीचं सगळं तिनेच केलं होतं, त्याचा हिशोब कुठल्या कागदावर मांडणार. आणि उद्या कोणाला बाहेर पडावंसं वाटलं तर? एजंट म्हणतो काही होत नाही हो मॅडम, तिघींची नावं टाकू आणि मोकळं होऊ. मला ते पटत नाहीये.

पाऊसवेळ

वाचून डोळ्यात पाणी आलं ताई. कायद्यातलं मला काही कळत नाही, जाणकार सांगतीलच, पण माझी मावशी अशीच एकटी असायची आणि आम्ही सगळे रविवारचा फोन करून समाधान मानायचो. तुम्ही नक्की करा हे.

वाडेकरी

ताई, नात्यात नसताना एकत्र घर घेता येतं, त्याला कायद्याची काहीच आडकाठी नाही. मी तुम्हाला दुसरी बाजू सांगतो, आमच्या घरात घडलेली.

शनिवार पेठेत आमचा वाडा होता. पणजोबांनी बांधला, आजोबांनी सांभाळला, आजोबा गेल्यावर माझे वडील आणि तीन काका असे चार हिस्सेदार. चौघा भावांचं इतकं छान होतं की वाटणीचा विषय कधी निघालाच नाही, गणपती एकत्र, दिवाळीचा फराळ एका चुलीवर. वडील आणि काका गेले आणि आम्ही चुलत भावंडं मिळून अकरा जण हिस्सेदार झालो, त्यातले निम्मे मी आयुष्यात पाच सहा वेळा पाहिलेले. एकाला पैशाची नड होती, त्याने कोणाला न सांगता आपला हिस्सा बाहेरच्या माणसाला विकून टाकला, आणि तो माणूस थेट वाटणीचा दावा घेऊन कोर्टात गेला.

आम्ही वाचलो ते कायद्यातल्या दोन जागांमुळे. एक म्हणजे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४४, एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा बाहेरच्याने घेतला तरी त्याला घरात येऊन आपल्याबरोबर राहायचा हक्क मिळत नाही. दुसरं १८९३ च्या विभाजन कायद्याचं कलम ४, अशा बाहेरच्या माणसाने वाटणीचा दावा लावला तर कुटुंबातला हिस्सेदार त्याचा हिस्सा कोर्टाने ठरवलेल्या किमतीला घेऊ शकतो. आम्ही घेतला. सहा वर्षं गेली, आई त्या तारखांमधेच गेली, पण वाडा हातून गेला नाही.

हे एवढं रामायण सांगायचं कारण हे की ही दोन्ही संरक्षणं एकत्र कुटुंबाच्या घराला आहेत, मैत्रिणींच्या घराला नाहीत. तुमच्यातल्या एकीचा हिस्सा उद्या परक्या माणसाने घेतला तर तो चावी मागायला दारात उभा राहू शकतो. तुम्ही तिघी भांडणार नाही हे मी एका पायावर मान्य करतो, आमचे वडील काकाही भांडले नव्हते. पण तुमच्यानंतर तो हिस्सा ज्यांच्याकडे जाणार ते तुमच्या होस्टेलवर नव्हते. म्हणून जे संरक्षण कायद्याने आम्हाला आयतं दिलं ते तुम्हाला स्वतः लिहून घ्यावं लागेल. खरेदीखत तर होईलच, पण त्याच्या जोडीला तिघींमधला एक वेगळा करारनामा करा. कोणाला हिस्सा विकायचा असेल तर आधी बाकी दोघींना विचारायचं, किंमत कशी काढायची ते आत्ताच ठरवायचं (समजा सरकारमान्य व्हॅल्युअरकडून), पैसे द्यायला किती महिन्यांची मुदत, आणि हे सगळं वारसांवरही बंधनकारक राहील असं स्पष्ट शब्दात. हा करार नुसता नोटरीकडे शिक्का मारून ठेवू नका, वकिलाकडून लिहून घेऊन रजिस्टर करा.

निवृत्त_कर्जविभाग

मी चौतीस वर्षं बँकेत होतो, त्यातली बरीचशी कर्ज विभागात, म्हणून फक्त पैशाचं बोलतो.

होम लोनला बँका सहसा नवरा बायको, आईवडील मुलं, भाऊ भाऊ असं नातं बघतात. मित्र मैत्रिणींच्या संयुक्त कर्जाला बहुतेक ठिकाणी नकारच येतो, आणि कोणी तयार झालंच तरी सहसा अट अशी की घराच्या सगळ्या मालकिणींनी कर्जावर सही करायची. आता ही सही म्हणजे काय ते नीट समजून घ्या. १२ लाखांचे तीन तुकडे होऊन चार चार लाख कोणाच्या वाट्याला येत नाहीत, प्रत्येकीवर पूर्ण १२ लाखांची जबाबदारी येते, एकीचा हप्ता थकला की तिघींचा सिबिल (कर्जफेडीची पत) खराब, आणि १ कोटी ३२ लाखांचं अख्खं घर १२ लाखांपायी गहाण. या वयात ते करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यापेक्षा तुम्ही दोघींनी तिला १२ लाख हातउसने द्या. लाजायचं काही कारण नाही. फक्त रोखीत देऊ नका, २० हजार किंवा त्यावरची उसनवार रोखीने घेतली तर इन्कम टॅक्सच्या कायद्याने दंड बसतो, बँकेतून ट्रान्सफर करा आणि साध्या भाषेत लिहून ठेवा की अमुक तारखेला एवढे दिले, महिन्याला एवढे परत येणार. तिचा पगार चालू आहे, म्हणजे हप्त्याने फिटतीलच. तसंही फ्लॅट विकून येणारे पैसे थोडे कमीजास्त होतातच. फर्निचर, लाइट फिटिंग, पेंटिंगचा खर्चही आत्ताच धरा, जुन्या फ्लॅटला तो लागतोच लागतो, आणि तो धरल्याशिवाय सगळे पैसे भिंतीत घालू नका.

आता स्टॅम्प ड्युटी. पुणे मनपा हद्दीत मेट्रो आणि स्थानिक संस्थेचा एकेक टक्का धरून ७ टक्के पडते, पण सगळ्या खरेदीदार महिला असतील तर १ टक्का सवलत, म्हणजे ६. तुमच्या किमतीवर ९ लाख २४ हजारांऐवजी ७ लाख ९२ हजार, १ लाख ३२ हजार वाचले. त्यामुळे 'मुलाचं नाव पण टाकून ठेवू' असं नर्सताईंच्या मनात आलं तर ही सवलत जाते, ते लक्षात असू द्या. रजिस्ट्रेशन फी १ टक्का, पण जास्तीत जास्त ३० हजार.

टीडीएस लोक विसरतात आणि मग नोटिसा येतात. घर ५० लाख किंवा त्यावर असेल तर खरेदीदाराने विकणाऱ्याच्या पैशातून १ टक्का कापून सरकारला भरायचा. पूर्वी लोक म्हणायचे आमचा प्रत्येकाचा वाटा ५० च्या खाली आहे, आम्हाला लागू नाही, आता ऑक्टोबर २०२४ पासून कायद्यात स्पष्ट केलंय की सगळ्यांची मिळून रक्कम बघायची. प्रत्येक खरेदीदार आणि प्रत्येक विक्रेता अशी जोडी करून वेगवेगळं भरायचं. तिघी तुम्ही, दोघे ते, म्हणजे सहा वेळा. ज्या महिन्यात कापला तो महिना संपल्यावर ३० दिवसांच्या आत.

बाणेरकर_सुजाण

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. एकत्र घर घेण्यापेक्षा एकाच सोसायटीत तीन छोटे फ्लॅट घ्या किंवा एकाच मजल्यावर दोन वन बीएचके. उंबरठे वेगळे राहिले की मैत्री टिकते. प्रत्येकीचा कागद स्वतंत्र, ज्याला विकायचं तो विकेल, वारस बिरस काही भानगड नाही. आम्ही दोघे मित्र सोळा वर्षं शेजारी राहतोय, एकदाही वाजलं नाही, त्याचं कारण हेच की संध्याकाळी दोघंही आपापलं दार लावतो.

निशिगंध

सगळ्यांचे मनापासून आभार, मी वही घेऊन बसलेय.

बाणेरकर, राग कसला, हा पर्याय आम्ही खरंच बघितला होता. पण ती रात्र आठवली की नको वाटतं. ती पडली तेव्हा शेजारच्या फ्लॅटमधे माणसं झोपलेलीच होती, चांगली माणसं, नंतर हॉस्पिटलमधे डबा घेऊन आली. मधे भिंत होती आणि दार आतून लावलेलं होतं एवढंच. आम्हाला ते दार नकोय. आणि पैशाचंही गणित बसत नाही, त्या भागात २७ लाखात नर्सला स्वतःचं काहीच मिळणार नाही, म्हणजे ती पुन्हा भाड्यानेच, दर अकरा महिन्यांनी सामान बांधत.

वाडेकरी, तुमच्या आईबद्दल वाचून वाईट वाटलं. 'ते तुमच्या होस्टेलवर नव्हते' हे वाक्य मी दोघींना वाचून दाखवलं, बराच वेळ कोणी बोललं नाही.

दस्तवाली

मी वकील आहे, मुख्यतः घरांच्या दस्तांचं काम करते, हवेलीच्या सब रजिस्ट्रार ऑफिसात आठवड्यातले दोन तीन दिवस जातात. ताई तुमच्या प्रश्नात एक गोष्ट तुम्ही अगदी सहज लिहून गेलात आणि मला सगळ्यात काळजी त्याच गोष्टीची वाटली. नवरा नाही, मूलबाळ नाही. मृत्युपत्र केलंय का तुम्ही?

नसेल केलं तर ऐका. हिंदू वारसा कायदा १९५६, कलम १५. हिंदू बाई मृत्युपत्र न करता गेली तर पहिला हक्क मुलं आणि नवऱ्याचा. ते कोणीच नसतील तर दुसरा नंबर नवऱ्याच्या वारसांचा, तिचे स्वतःचे आईवडील त्यांच्याही नंतर. आईवडिलांकडून वारशाने आलेलं असेल तर ते वडिलांच्या वारसांकडे परत जातं, पण स्वतःच्या पगारातून घेतलेलं घर सासरी जातं. २००९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, एक मुलगी लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झाली, सासरच्यांनी घराबाहेर काढलं, माहेरी राहून शिकली, नोकरी केली, साठवलं आणि मृत्युपत्र न करता गेली. तिच्या कष्टाचं सगळं त्या सासरच्या नातेवाईकांना मिळालं. कोर्टाने सहानुभूतीने कायदा बदलता येत नाही असंच म्हटलं. मी हा निकाल माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक एकट्या बाईला सांगते.

म्हणजे तुमच्या बाबतीत, तुम्हाला काही झालं तर तुमच्या दोन मैत्रिणींच्या घरात तुमच्या सासरचे दीर पुतणे वगैरे हिस्सेदार म्हणून येतील. ते भले चांगले असतील. पण त्यांना त्या घरात राहायचं नाहीये, त्यांना पैसे हवे असणार, आणि ते स्वाभाविक आहे. बँकवाल्या ताईंचे आईवडील नाहीत, तर त्यांचा हिस्सा भावाबहिणीकडे जाईल. नर्सताईंचा मुलाकडे. आणि कुठलाही हिस्सेदार वाटणीचा दावा कधीही लावू शकतो. फ्लॅटचे उभे तीन तुकडे करता येत नाहीत, मग निम्मा किंवा जास्त हिस्सा असलेल्यांनी मागणी केली तर कोर्ट विकून पैसे वाटायला सांगू शकतं. बाकीच्यांना कोर्टाच्या किमतीला तो हिस्सा घेण्याची संधी मिळते, पण त्या वयात तेवढे पैसे आणायचे कुठून?

यावर मी जे सुचवते ते असं. तिघींनी एकाच दिवशी आपापलं मृत्युपत्र करा, त्यात लिहा की माझ्यानंतर या घरात माझ्या दोन्ही मैत्रिणींना तहहयात राहण्याचा हक्क राहील, आणि त्या दोघीही गेल्यावर माझा हिस्सा अमक्याला मिळेल, भाची असेल, मुलगा असेल, संस्था असेल, ज्याला द्यायचा त्याला. अशाने कोणाचा वारस वंचितही राहत नाही आणि तुमच्यापैकी कोणाला सत्तराव्या वर्षी घर सोडायची वेळही येत नाही. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण करा. आणि नर्सताईंच्या मुलाला हे आधीच समोर बसवून सांगा, त्याला नंतर कागदातून कळायला नको.

नॉमिनीचा घोळ पुष्कळ जण करतात. सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव दिलं म्हणजे तो मालक झाला असं नाही, सोसायटी फक्त त्याच्याशी व्यवहार करते, मालकी वारसा किंवा मृत्युपत्राप्रमाणेच ठरते. शेअर सर्टिफिकेटवर तिघींची नावं घ्या. मताचा अधिकार पहिल्या नावाला असतो, तेव्हा पहिलं नाव कोणाचं ते तुम्हीच ठरवा, आणि रिसेलचा फ्लॅट म्हणजे इमारत जुनी असणार, पाच दहा वर्षांत रिडेव्हलपमेंट येऊ शकते, तेव्हा भाडं आणि कॉर्पसचा (बिल्डर देतो त्या एकरकमी पैशाचा) चेक कोणाच्या खात्यात येणार आणि कसा वाटायचा हेही करारात एका ओळीत लिहा.

हिस्से. कायदा असं धरतो की वेगवेगळ्या पैशातून घेतलं तर पैशाच्या प्रमाणात हिस्सा, आणि कोणी किती दिले त्याचा पुरावा नसेल तर सारखा. म्हणून खरेदीखतातच आकडे लिहा, ५५, ५० आणि २७. तुम्हाला ते बरं वाटत नाही हे समजतं, पण राहणं आणि मालकी या दोन गोष्टी वेगळ्या करा. करारात लिहा की हिस्सा कितीही असो, घर वापरण्याचा हक्क तिघींचा समसमान, खोली प्रत्येकीची स्वतंत्र. आज भावनेने सारखं लिहिलंत तर उद्या बँकवाल्या ताईंचा भाचा विचारेल की मावशीचे ११ लाख गेले कुठे, आणि त्याचं उत्तर द्यायला मावशी नसेल. नर्सताईंना जास्त द्यायचंच असेल तर मृत्युपत्रातून द्या, तिथे तुम्हाला कोणी अडवत नाही.

बाहेर पडण्याचा खर्चही आधीच माहीत असू दे. एकीने हिस्सा सोडून दुसऱ्या दोघींना दिला तर ते वडिलोपार्जित मालमत्तेसारखं नाममात्र स्टॅम्पवर होत नाही, त्या हिश्श्याच्या किमतीवर विक्रीसारखीच ड्युटी लागते. ५० लाखांचा हिस्सा म्हटला तर तीन साडेतीन लाख. ते कोण भरणार, जाणारी की राहणाऱ्या, हे लिहा.

सहकारनगर_दोघी

मी आणि माझी मैत्रीण नऊ वर्षं एकत्र राहतोय, घर दोघींच्या नावावर. वकील ताईंनी सांगितलं ते सगळं बरोबर आहे, मी रोजचं सांगते कारण घर मोडतं ते रोजच्या गोष्टींनी.

आम्ही एक तिसरं बँक खातं काढलं, दर महिन्याच्या एक तारखेला दोघींनी सारखे पैसे टाकायचे, मेंटेनन्स, लाइट, गॅस, मावशींचा पगार, दूध, भाजी सगळं त्यातून. ती मांसाहारी आहे मी नाही, तर तिचे मासे तिच्या पैशाने आणि तिच्या कढईत. आधी आम्ही हे ठरवलं नव्हतं आणि पहिल्या वर्षी तीन चार वेळा अबोला झाला, कशावरून तर कोथिंबीर कोणी आणायची. पाहुण्यांचंही ठरवा. तिची बहीण 'आठ दिवस' म्हणून आली आणि अडीच महिने राहिली, मला बोलता येईना, तिला सांगता येईना. आता नियम आहे, आठवड्यापेक्षा जास्त असेल तर दुसरीला आधी विचारायचं. तिघींमधे अजून एक गोष्ट होते, ती म्हणजे दोन विरुद्ध एक. दर वेळी एकच जण एकटी पडते का याच्याकडे लक्ष ठेवा, जी एकटी पडते तिलाच ते कळतं.

आणि सगळ्यात अवघड, आजारपण. माझ्या मैत्रिणीच्या आईला शेवटी विसरभोळेपणा झाला होता, सही करता येईना, नाव आठवेना. तेव्हा आम्हाला कळलं की मुखत्यारपत्र असलं तरी ज्याने दिलं त्याची समज गेली की ते कायद्याने संपतं, मग कोर्टातून पालक नेमून घ्यावा लागतो. तेव्हा तुमच्यापैकी एकीचं असं झालं तर घर विकायचं म्हटलं तरी सही कोण करणार याचा विचार शांतपणे करा. आम्ही त्यावर अजून पूर्ण उपाय काढला नाहीये, फक्त एक केलंय, दोघींची एफडी आयदर ऑर सर्व्हायव्हर आहे म्हणजे मुदत संपल्यावर दोघींपैकी कोणीही एकटी सही करून औषधपाण्याला पैसे काढू शकते. रात्रपाळीची आया लागली तर तिचा खर्च जिची तिने करायचा की समाईक खात्यातून, हेही बोलून ठेवा. हे बोलताना रडू येतं, आम्हाला पण आलं होतं. पण धडधाकट असतानाच बोला.

हो आणि राहायला गेलात की महापालिकेचा पीटी ३ फॉर्म भरा, स्वतः राहत असलेल्या घराला मिळकत करात ४० टक्के सवलत मिळते, जुन्या मालकाची सवलत चालू होती का तेही बिलावर बघून घ्या.

निशिगंध

रविवारी तिघी माझ्याकडे बसलो. पिठलं भात केला आणि तुमचे सगळे प्रतिसाद एकेक वाचून काढले. नर्स मैत्रीण म्हणाली बघ मी सांगत होते ना, २७ च लिही. मी अजूनही पूर्ण मान्य केलं नाहीये पण खरेदीखतात पैशाप्रमाणे आणि राहण्याचा हक्क समान, हे ठरलं. बँकवाली तिला १२ लाख देणार, महिन्याला १५ हजार परत. मृत्युपत्रांचं मी आयुष्यात पहिल्यांदा मनावर घेतलं, सासरच्यांशी माझं वाकडं नाही, पण कायद्यात असं असेल हे खरंच माहीत नव्हतं. नर्सने त्याच रात्री मुलाला व्हिडिओ कॉल लावला. तो म्हणाला आई तू एकटी नसशील तर मला इथे झोप लागेल.

एक नवीन अडचण मात्र आलीय. एजंट म्हणतोय या आठवड्यात ५ लाख टोकन द्या नाहीतर दुसरी पार्टी आहे. दस्तवाली ताईंचं वाचून मी सावध झाले होते, म्हणून इंडेक्स टू (रजिस्टर झालेल्या दस्ताचा उतारा) मागितला, तर तो अजून त्या भावांच्या वडिलांच्या नावावर निघाला. वडील चार वर्षांपूर्वी गेले, आई आधीच गेलेली. मृत्युपत्र नाही. आणि बोलता बोलता कळलं की त्यांना एक बहीण आहे, नाशिकला असते. भाऊ म्हणतात तिचं काही नाही, तिचं लग्नात सगळं केलंय.

दस्तवाली

थांबा. एक रुपयाही देऊ नका. वडील मृत्युपत्र न करता गेले तर मुलगी भावांच्या बरोबरीची वारस आहे, लग्नात काय केलं त्याचा इथे काही संबंध नाही. त्या बहिणीचा त्या फ्लॅटमधे एक तृतीयांश हिस्सा आहे. तुम्ही दोघा भावांकडून घेतलंत तर दोन तृतीयांशच घेतलंत, आणि मग वाडेकरींनी सांगितलं तसं बाहेरचा माणूस तुम्हीच ठराल.

दोन मार्ग आहेत. बहिणीने भावांच्या नावे रजिस्टर्ड हक्कसोडपत्र करून द्यायचं, वारशाने आलेल्या मालमत्तेत भावंडांमधे त्याला नाममात्र स्टॅम्प लागतो, म्हणजे खर्च फार नाही. किंवा ती तिसरी विक्रेती म्हणून तुमच्या दस्तावर सही करेल आणि तिच्या वाट्याचे पैसे तिच्या खात्यात जातील. मला दुसरा मार्ग बरा वाटतो. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट वारसांच्या नावावर झालंय का, थकबाकी नाही असं पत्र, आणि ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या नोंदी तपासल्याचा), हे झाल्यावर टोकन आणि त्याची विसार पावती. त्यातही तिघा भावंडांच्या सह्या.

निवृत्त_कर्जविभाग

दस्तवाली ताईंशी सहमत. आणि 'दुसरी पार्टी आहे' हे मी चौतीस वर्षं ऐकलंय, असू दे असली तर. बहीण विक्रेती झाली की टीडीएस मात्र आता सहाऐवजी नऊ वेळा भरायचा.

निशिगंध

टोकन दिलं नाही. एजंट चिडला, दोन दिवस फोन घेतला नाही. मग मीच धाकट्या भावाला फोन केला आणि सरळ सांगितलं की आम्ही तिघी एकट्या बायका आहोत, आयुष्यभराचं आहे ते सगळं यात घालतोय, तुमच्या ताईंची सही नसेल तर आम्हाला हे घर नको. तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, खरं सांगू का मॅडम, ताईशी आम्ही बाबा गेल्यापासून बोललोच नाहीये.

काल तिचा नंबर दिला त्याने. बोलले मी तिच्याशी. तिला घर विकतायत हेच माहीत नव्हतं. सही करेन म्हणाली, पण आधी एकदा घर बघायचंय, तिचं दहावीपर्यंतचं बालपण तिथलं. शनिवारी सकाळच्या बसने येतेय, भाऊ चावी घेऊन येणार आहेत. आम्हालाही बोलावलंय तिने, नर्सने रजा टाकलीये.

दस्तवाली ताई, तुम्हाला मेसेज केलाय, मृत्युपत्रांसाठी पुढच्या आठवड्यात वेळ द्याल का? साक्षीदार म्हणून माझ्या कॉलेजमधल्या दोघी चालतील ना?